ज्यांची कामं काढून घेतली

"शर्ट काढ. बनियनपण."

शीळफाट्याजवळच्या एका गोडाऊनात आम्ही रांगेत उभे होतो. प्लास्टरवाले, लादीवाले, सळईवाले. लढाई सुरू झाल्यावर इस्रायलनं पॅलेस्टिनी मजूर काढले होते, त्यांच्या जागी तिथं बांधकामावर माणसं न्यायची होती. एजंटच्या माणसानं माझा जबडा धरला, दात बघितले. काठीनं बरगडीत टोचलं. बाजारात बैल बघतात तसं. अठरा वर्षं प्लास्टर करतोय मी. तरी रांगेतनं हललो नाही. मला जायचं होतं.

खुर्चीतल्या एजंटनं माझं आडनाव वाचलं. हसला.

"तुमच्या लोकांचं नशीब उघडलं. तिथं जात कोणी विचारत नाही. फक्त मान खाली ठेवायची."

माझ्या मागं सलीमभाई होते. कल्याणचे. माझ्या हातात पहिली थापी त्यांनीच दिलेली. एजंटनं त्यांचा कागद बघितला आणि उठलाच.

"ह्याला कोणी आत घेतला? तिथनं तुझेच भाऊबंद हाकललेत, आणि त्यांच्या जागी तूच चाललास?"

कानाखाली मारली. मग त्याच्या दोन माणसांनी काठ्या घेतल्या. सलीमभाई खाली पडले तरी ती माणसं थांबली नाहीत. डोकं फुटलं. सिमेंटच्या जमिनीवर रक्त.

मी बघत होतो. शर्ट हातात धरून.

"पुढचा!" एजंट ओरडला, मग माझ्याकडं वळला. "आधी ते रक्त पुसून घे. तुमचं कामच ते."

मी वाकलोसुद्धा. फडकं उचललं.

सलीमभाईंनी एक डोळा उघडला. "तू जा रे. तुझा नंबर लागलाय."

आणि मला बाप दिसला. मी आठवीत होतो. डोंबिवलीत एमआयडीसीच्या गेटवर बाप संपाला बसलेला. मालकानं दुसरीच माणसं ट्रकमधनं आत नेली. बाप ट्रकसमोर उभा राहिला. त्याचा हात कोपरातनं मोडला, तो कधी सरळ झाला नाही. ट्रकमधली माणसं तेव्हा मान खाली घालून बसलेली. आज मी त्या ट्रकमध्ये होतो.

"साहेब, ज्यांची कामं गेली, ती माणसं कुठंयत?"

"मेली असतील. तुला काय करायचंय?"

फडकं मी त्याच्या तोंडावर फेकलं.

त्यानंतरचं नीट आठवत नाही. पाठीवर काठ्या. तोंडात रक्त, एक दात तुटलेला. मीही एकाच्या नाकावर हाणली, ते आठवतं. रांगेतले दोघं पुढं आले तेव्हा कुठं काठ्या थांबल्या. सलीमभाईंना रिक्षात घालून कल्याणला सरकारी दवाखान्यात आणलं. टाके पडले.

तिथनंच बहिणीला फोन केला. ती इस्रायलमध्येच असते, एका म्हातारीची सेवा करते. म्हातारीचा नातू, लढाई पेटली त्या पहिल्याच हल्ल्यात मारला गेलेला.

"दादा, गाझातली पोरं टीव्हीवर दिसली की मी चॅनेल बदलायला जाते. आजी बदलू देत नाही. म्हणते, बघू दे, तीपण कुणाची तरी नातवंडं."

"शांतता होईल का गं?"

"शेजारणी म्हणतात, कधीच नाही. आजी म्हणते, तिचं घर पलीकडच्या पॅलेस्टिनी मिस्त्रीनं बांधलंय. तो परत कामाला येईल, घाबरल्याशिवाय दार उघडता येईल, त्या दिवशी शांतता झाली असं ती मानेल."

बहिणीच्या मागं भोंगा घुमला. "आत्ता सायरन वाजतोय. ठेवते."

मी तसाच चौकीत गेलो. हवालदारानं माझं तोंड बघितलं, सगळं ऐकून घेतलं.

"परदेशी जायचं सोडून मारामाऱ्या कसल्या करता? आपसात मिटवा."

"मिटवायचं नाही. लिहा."

"काय लिहू?"

"सलीमभाईंना नाव बघून मारलं, ते लिहा. मला आडनाव बघून रक्त पुसायला लावलं, ते लिहा. आणि ते मार खात होते तेव्हा मी नुसता उभा होतो, तेपण लिहा. कोर्टात हेच सांगणार आहे."

त्यानं पेन खाली ठेवलं. "घरी जा. उद्या ये."

मी बाकड्यावर बसलो. उठलो नाही.