किटलीची वाफ

स्केलबेकच्या विल्फ ऑर्मरॉडला एकच गोष्ट सहन व्हायची नाही: त्याच्या पलटणीच्या किटलीला कुणी हसलेलं. आता पलटणीचं चिन्ह म्हणून बाहीवर किटली मिरवायची म्हटल्यावर लोक हसणार नाहीत तर काय ओवाळणार? पण विल्फला हे सांगायची कुणाची टाप होती! उभा जन्म त्यानं पलटणीत आचाऱ्याचं काम केलं. निवृत्त झाल्यावर पलटणीच्या चिमुकल्या संग्रहालयाची राखण पत्करली आणि दिसेल त्याला पकडून किटलीपुराण ऐकवायला लागला.

"दोनशे वर्षांपूर्वी आमच्या पलटणीनं सपाटून मार खाल्ला," तो छाती फुगवून सांगायचा. "तोफा गेल्या, निशाण गेलं, कर्नलची विजारसुद्धा गेली. पण आमच्या आचाऱ्यानं उकळती किटली सोडली नाही. घेऊन पळाला. जखमी पोरांच्या घशात गरम चहा गेला, म्हणून ती त्या थंडीत जगली."

डोंगरापलीकडची पलटण तेव्हापासून त्यांना 'किटलीवाले' म्हणून चिडवायला लागली. यांनीही हट्टानं किटलीच बाहीवर शिवून घेतली, वर वाफेच्या तीन रेघा. अधिकारी सांगत: शौर्य, निष्ठा, त्याग. विल्फ सांगे: चहा, दूध, साखर.

आणि नेमक्या त्याच चिडवणाऱ्या पलटणीत किटलीवाल्यांना विलीन करायचं ठरलं. विलीनीकरणाचं काम पाहणारे मेजर पेल्हम नव्या चिन्हाचं चित्र घेऊन संग्रहालयात आले. चित्रात डोंगरापलीकडच्या पलटणीची तलवार होती, भोवती पानांची वेल.

"किटली कुठाय?" विल्फनं विचारलं.

"ऑर्मरॉड, समजून घ्या जरा. सैनिकाच्या बाहीवर किटली शोभते का?"

विल्फचं टाळकं सरकलं. तो तडक आत गेला, चहा केला आणि वाफाळती किटली मेजरसमोर आणून ठेवली.

"ओता साहेब. आमच्यात अधिकारी ओततो, शिपाई पितो. त्या दिवशी कर्नलनं ओतला होता, विजार नसताना. तुम्ही तर चांगले कपड्यांत आहात."

मेजरनं निमूट ओतला. विल्फनं कप दोन्ही हातांत धरला.

"बर्फात एकदा नॉरिस नावाचं पोरगं माझ्या शेजारी कुडकुडत होतं, साहेब. मला म्हणालं, आचारी, मी मरतो. मी त्याला चहा दिला. तलवार नाही दिली."

मेजरनं चित्राची गुंडाळी केली आणि ते गाडीत जाऊन बसले.

वसंतात नवं चिन्ह आलं, जुन्या सैनिकांच्या बाहीसाठीसुद्धा. तलवार होती, वेल होती आणि मधोमध चक्क किटली! विल्फच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं चष्मा लावला.

"थंड! मेल्यांनी चहा थंड केला!"

खरंच, वाफेचा पत्ता नव्हता. बायको एनिड म्हणाली, "अरे, किटली राहिली ना? देवाचे आभार मान आणि गप्प बस."

"गप्प काय बस! वाफ नाही म्हणजे चहा नाही. म्हणजे आमचा आचारी रिकामं भांडं चोरून पळाला, असं झालं ना!"

त्यानं एनिडच्या डब्यातली सुई उचलली आणि पांढऱ्या दोऱ्यानं आपल्या बाहीवर तीन रेघा शिवल्या. वेड्यावाकड्या, पण वाफ कधी सरळ जाते? मग तो पलटणीच्या जुन्या खानावळीत गेला आणि दोऱ्याचं रीळ टेबलावर ठेवून आला.

विलीनीकरणाच्या संचलनाला मेजर पाहणी करत निघाले. पहिल्या बाहीवर पांढरा दोरा. दुसऱ्या बाहीवर पांढरा दोरा. मेजरचा चेहरा लालबुंद होत गेला. ते पुढं सरकले तसे डोंगरापलीकडचे तलवारवाले आले, ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी किटलीची टिंगल केली होती. त्यांच्याही बाहीवर पांढरा दोरा! सकाळच्या गारठ्यात विल्फनं त्यांनाही चहा पाजला होता आणि सोबत सुई-दोराही फिरवला होता.

शेवटी जुन्या सैनिकांच्या रांगेत विल्फ उभा होता. मेजर थांबले.

"ऑर्मरॉड, हे नियमात बसत नाही," असं म्हणत त्यांनी तो दोरा उपटायला बोट पुढं केलं.

"हात लावू नका साहेब," विल्फ ताठ उभा राहून म्हणाला. "भाजेल."

मेजरनं चटकन हात मागं घेतला.