हिरव्या मिठाचे काळुराम

बाळकुमच्या काळुराम मढवींच्या बापाने आयुष्यभर मिठागरात पांढरं मीठ काढलं. काळुरामनी चौतीस वर्षं हिरवं काढलं. एका सरकारी कारखान्यात ते फोरमन होते. युरेनियम टेट्राफ्लोराइड हे भारदस्त नाव तिथे फक्त कागदावर असायचं; तोंडी सगळे 'ग्रीन सॉल्ट'च म्हणायचे.

कृती विचारली की ते कालवणाची सांगावी तशी सांगत. "युरेनियमची तपकिरी भुकटी घ्यायची, बंद भट्टीत पाचशे अंशांवर तापवायची, वरून हायड्रोजन फ्लोराइडचा वायू सोडायचा. वाफ निघून जाते, हिरवी पूड उरते. पाण्यात टाक, विरघळत नाय, ढिम्म बसते तळाला. आणि वजन म्हंजे, डबा उचलताना कंबर बोलते." हीच पूड पुढे कॅल्शियमबरोबर पेटवली की धातू हाती येतो. पण ते दुसऱ्या खात्याचं काम, आणि दुसऱ्या खात्याबद्दल काळुराम कधी चांगलं बोलले नाहीत.

लोक किरणांना घाबरत, ते वायूला. "त्या किरणांना कातडी ओलांडता येत नाय. पूड नाकातोंडात गेली नाय की झालं. वायू मात्र काच खातो. हाडं सोडंल?" ठरावीक महिन्यांनी त्यांच्या लघवीत युरेनियम उतरलंय का ते तपासलं जायचं. अहवाल कोरा आला की ते तो जेवताना मोठ्याने वाचून दाखवत. बायको शालू म्हणायची, "ताटावर तरी नको."

निवृत्तीनंतर पाच वर्षांनी मुलीचं, दर्शनाचं लग्न ठरायला आलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, मानपाड्याचा हितेश म्हात्रे. त्याचे वडील साईनाथ यांनी रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेली. त्यात त्यांचं नाक कामातून गेलं होतं. सुका बोंबील आणि अगरबत्ती त्यांना सारखीच. पण त्यांना काळजी लागली ती व्याह्यांच्या युरेनियमची. त्यांनी किरणं मोजायचं एक यंत्र ऑनलाइन मागवलं.

त्याच आठवड्यात जिना चढताना काळुरामांची छाती भरून आली. डॉक्टरांनी थॅलियम टेस्ट सांगितली. शुक्रवारी सुई टोचणाऱ्या पोरीला त्यांनी विचारलं, "थॅलस क्लोराइड ना? धातू आणि क्लोरीन, म्हंजे मीठच. आमच्याच भावकीतलं."

"काका, हलू नका," ती म्हणाली. "आणि दोन-चार दिवस लहान मुलांना मांडीवर घेऊ नका."

रविवारी पाहुणे आले. चहा यायच्या आत साईनाथनी खिशातून यंत्र काढलं. सोफ्याजवळ ते अधूनमधून टिकटिकलं. ओट्याच्या ग्रॅनाइटजवळ थोडं जास्त. काळुरामांच्या छातीसमोर धरल्यावर कढईत मोहरी तडतडावी तसं सुटलं.

शालू ट्रे घेऊन दारातच थांबली. काळुरामांचे कान तापले. चौतीस वर्षं कोरे अहवाल, आणि नेमकं मुलीच्या सासऱ्यासमोर हे. मग त्यांना हसू फुटलं आणि ते काही केल्या आवरेना.

"साईनाथशेठ, हे कारखान्यातलं नाय. परवा हॉस्पिटलवाल्यांनी टोचलंय, काळीज बघायला." त्यांनी कागद पुढे केला.

साईनाथनी तो दोनदा वाचला. "म्हणजे तुम्ही आत्ता खरोखरच..."

"आत्ता हाय. तीन दिवसांत निम्मं, सहा दिवसांत पाव. हे किरण कातडीतून बाहेर येतात, म्हणून तर फोटो निघतो."

"मग आम्ही पंधरा दिवसांनी येतो," साईनाथ उठत म्हणाले.

"काका," दर्शना म्हणाली, "तुम्ही मला बघायला आलात की बाबांना मोजायला?"

हितेश लाल झाला. त्याने वडिलांच्या हातातून यंत्र घेतलं, त्याचे सेल काढून खिशात टाकले आणि म्हणाला, "पप्पा, बसा. चहा घ्या." साईनाथ बसले.

मंगळवारी रिपोर्ट आला. मग अँजिओग्राफीत दोन नसा तुंबलेल्या दिसल्या, दोन स्टेंट बसले. भेटायच्या वेळेत साईनाथ शहाळं घेऊन आले आणि पलंगाशेजारी बसले.

"जिना चढताना मलापण दम लागतो," ते म्हणाले. "त्या टेस्टला दुखतं का हो?"

"सुईपुरतं," काळुराम म्हणाले. त्यांनी टर उडवली नाही, हे शालूला अजून खरं वाटत नाही.

महिन्याभराने काळुराम स्वतः त्यांना कल्याणच्या हॉस्पिटलात घेऊन गेले. साईनाथांचं हृदय ठणठणीत निघालं. फुप्फुसांबद्दल मात्र डॉक्टर बरंच काही बोलले, आणि तेव्हापासून ते रोज सकाळी पंप ओढतात.

लग्न वैशाखात झालं. हळदीला दोन्ही व्याह्यांना नाचायची मनाई होती. दोघे खुर्च्या चिकटवून बसले आणि बँडवाल्याला फर्माइशी सोडत राहिले. दोघांच्या वाट्याचं शालू एकटी नाचली.