बंद कॉम्प्युटरला कान लावणाऱ्या वहिनी

वहिनी कॉम्प्युटरला हात लावण्याआधी कान लावायच्या. खालापुरात कचेऱ्यांच्या रस्त्यावर त्यांच्या यजमानांचं झेरॉक्सचं दुकान होतं. पुढे यजमान झेरॉक्स काढत आणि मागे, प्लायवूडच्या आडोशाला, वहिनी बंद पडलेले कॉम्प्युटर उघडत. यजमानांच्या मित्रांनी त्यांना वहिनी म्हणायला सुरुवात केली आणि मग त्या साऱ्या तालुक्याच्याच वहिनी झाल्या. नव्वदीकडे झुकलेले एक निवृत्त गुरुजीही त्यांना वहिनीच म्हणत.

कुणी चालू न होणारा कॉम्प्युटर आणला की तो टेबलावर ठेवून त्या डोक्यावरचा पंखा बंद करायच्या, यजमानांना झेरॉक्स थांबवायला लावायच्या आणि डब्याला कान टेकवून बटण दाबायच्या. गिऱ्हाईक काही बोलू लागलं की तळहात वर. क्षणभर ऐकून त्या बटण बंद करत आणि निकाल देत. "हार्ड डिस्क ठीक हाय, फक्त विंडोज बिघडलंय," किंवा "आतून टकटक येतेय, आता याला परत चालू करायचा नाय. घरी नेऊन एकदा बघतो, असं पण नाय."

"काय झालं?" असं त्या कधी विचारत नसत. त्यांचा प्रश्न ठरलेला होता, "आत काय हाय?" माणूस सांगू लागला की त्याच्या चेहऱ्यावरून त्यांना घाई कळायची. कळंबच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरला कुणीतरी सल्ला दिला होता की सगळं पुसून विंडोज नवीन टाक, कॉम्प्युटर पळायला लागेल. हे ऐकून वहिनी खुर्चीतून उठल्याच. "दार उघडत नाय म्हणून घर पाडतात का रं? खिडकीतून आत जायचं, सामान बाहेर काढायचं, मग दाराचं बघायचं." त्यांची खिडकी म्हणजे एक पेनड्राइव्ह होता. त्यावरून कॉम्प्युटर चालू केला की बिघडलेल्या विंडोजला न उठवता आतल्या फाइली दिसत. फोटोग्राफरची नवरानवरी, मांडव, पंगत सगळं संध्याकाळच्या आत बाहेर आलं. त्यांनी मात्र त्यातला एकही फोटो उघडला नाही. स्क्रीन त्याच्याकडे फिरवली आणि म्हणाल्या, "तुझं तू बघ, बरोबर हाय का." दुसऱ्याचं बघायचं नाही, हा त्यांचा नेम होता. वकील असो, डॉक्टर असो, त्या फक्त फाइलीचं नाव वाचत.

मी तेव्हा डोंगराकडेच्या ठाकूर आदिवासींच्या वाड्यांमध्ये वनहक्काचं काम करणाऱ्या एका संस्थेत होतो. पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेली जंगलातली जमीन त्या कुटुंबांच्या नावावर व्हावी म्हणून आम्ही एका वाडीची मोजणी केली होती, प्रत्येकाचे नकाशे तयार केले होते आणि म्हाताऱ्या माणसांचे जबाब व्हिडिओवर घेतले होते. सगळं ऑफिसच्या एकाच कॉम्प्युटरवर. दाव्यांच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी तो चालूच होईना. काळ्या स्क्रीनवर पांढरी ओळ यायची आणि तिथेच थांबायचा. सुनावणी आधीच एकदा पुढे गेली होती, आणि पावसाळा तोंडावर असताना डोंगरात पुन्हा मोजणी होणार नव्हती.

डबा चादरीत गुंडाळून मी वहिनींकडे गेलो. सोबत भागीबाई होती. ती वाडीच्या वनहक्क समितीवर होती आणि सुनावणीसाठी आदल्या दिवशीच खाली उतरली होती.

वहिनींनी कान लावला. या वेळी नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग डबा उघडला, डिस्क सोडवली आणि वायरने आपल्या मशीनला जोडली. फाइलींची नावं दिसू लागली, पण दर थोड्या वेळाने डिस्क टक्‌ करून अडायची. माझा धीर सुटला. "वहिनी, फ्रीजमध्ये ठेवली तर चालते म्हणतात," मी म्हणालो.

"भाजी हाय का ती?" त्या मान वर न करता म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "नीट ऐक. डिस्क आतून झिजलीय. जे मागू ते देईल, पण किती वेळ देईल ते सांगता येत नाय. नकाशे काढू आधी, का व्हिडिओ? व्हिडिओ मोठे हायेत, त्यातच ती बसली तर बाकीचं राहील."

उत्तर सरळ होतं, पण मी भागीबाईकडे पाहिलं. तिने विचारलं, "काय म्हनते रं ही?" मी तिला समजावलं. त्या व्हिडिओंमध्ये तिच्या नवऱ्याचा जबाब होता. शेताच्या बांधावर उभं राहून बापाने कुठून कुठवर जमीन फोडली ते त्याने दाखवलं होतं. त्यानंतरच्या थंडीत तो वारला.

भागीबाई डिस्ककडे वळली. "घरात त्याचा फोटो नाय," ती म्हणाली. "मतदानाच्या कार्डावर हाय तेवढाच. त्यात तो चोरावानी दिसतो." मग पदर खोचून तिने वहिनींना सांगितलं, "आधी जमीन काढ गं बाई. समद्या वाडीची हाय. म्हातारा आसता तर त्यानं बी हेच सांगितलं आसतं."

वहिनींनी मान हलवली आणि नकाशे काढायला घेतले. मधे वीज गेली, इन्व्हर्टरवर मशीन चालू राहिलं. झेरॉक्स बंद पडलेले यजमान आत येऊन स्टुलावर बसले. डिस्क अडली की वहिनी थांबत, तिला गार होऊ देत, पुन्हा जोडत. दुपार कलायच्या आत शेवटचा नकाशा उघडून माझ्यापुढे आला. त्यांनी सगळं दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर घेतलं, एक माझ्या हातात दिला आणि दुसरा भागीबाईच्या. "दोघांनी एका गाडीने जायचं नाय," असंही बजावलं.

मग त्यांनी म्हाताऱ्याचा व्हिडिओ घेतला. स्क्रीनवरची हिरवी पट्टी थोडी सरकली आणि डिस्क गप्प झाली.

"गेला?" भागीबाईने विचारलं.

"गेला नाय. दमलाय. आज त्याला हात लावायचा नाय. माझ्याकडे राहू दे."

दुसऱ्या दिवशी सुनावणी झाली. नकाशे मांडले, प्रश्न आले, भागीबाईने उत्तरं दिली. पुढे वाडीचे दावे मंजूर झाले. पण त्याच्या आधी, पावसाची झड लागलेली असताना, वहिनी टेंपोत बसून स्वतः वाडीवर आल्या. रोज सकाळी मशीन गार असताना वहिनी म्हाताऱ्याच्या व्हिडिओचा एकेक तुकडा काढत होत्या, हे मला तेव्हा कळलं. "हे मोबाइलवर धाडायचं नाय," एवढंच त्या म्हणाल्या.

भागीबाईच्या पडवीत लॅपटॉप उघडला. माणसं दाटीने बसली. चित्र मधेमधे फुटत होतं, म्हाताऱ्याचा चेहरा चौकोनांत विरत होता, पण आवाज अखंड होता. त्याने खाकरून घसा साफ केला आणि पहिलंच वाक्य कॅमेरा धरलेल्या मला सुनावलं, "नीट हुबा ऱ्हा रं, नाचनी तुडवतोस माजी!" सगळी पडवी हसली. भागीबाई हसली नाही. "बगा," ती म्हणाली, "आसाच वसकायचा." आणि मग वहिनींच्या दंडाला धरून, "परत पयल्यापासून लाव."

वहिनींनी लावला. त्या स्वतः मात्र उठून अंगणाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वाडी बघत होती तो व्हिडिओ त्यांनी शेवटपर्यंत पाहिला नाही.

यजमानांना दम्याने धरलं आणि दोघं मुलीकडे संगमनेरला जायला निघाली. दुकान आवरताना मी मदतीला गेलो. शेल्फवर लोकांनी कधीच परत न नेलेल्या डिस्क होत्या. वहिनींनी ज्यांचे नंबर होते त्यांना फोन केले, येणाऱ्यांची वाट पाहिली, आणि उरलेल्या प्रत्येक डिस्कमधून ड्रिलने आरपार भोक पाडलं. "कुणाचं काय काय असतं यात," त्या म्हणाल्या. "मी नसताना कुणी उघडायला नको." हातावरची धातूची पूड झटकून त्या गाडीत बसल्या.

अधूनमधून फोन होतो. त्या संगमनेरकरांना शिस्त लावतायत, असं यजमान सांगतात. आमच्या संस्थेत मात्र एक शब्द राहून गेला आहे. फाइलीची दुसरी प्रत काढून वेगळ्या ठिकाणी ठेवली की आम्ही म्हणतो, वहिनी काढली. परवा नव्याने लागलेली, वहिनींना कधीच न भेटलेली एक मुलगी मोजणी संपवून डोंगरावरून घामाघूम आली. पाण्याचा तांब्या तोंडाला लावण्याआधी तिने यंत्र कॉम्प्युटरला जोडलं आणि मला बजावलं, "थांबा सर, आधी वहिनी काढू दे."