रस्त्यातली खोली

अक्का गेली तेव्हा मी केमला होते. चुलतभावाच्या नातीचं बारसं होतं आणि अक्कानंच मला हट्टानं पाठवलं होतं. "जा की दोन दिवस. हितं माझ्या तोंडाकडं बघत बसण्यापरीस बरं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळणा सजवत असताना आमच्या समोर राहणाऱ्या व्यंकम्मावहिनींचा फोन आला. एरवी त्यांचं मराठी मधूनमधून तेलुगू पेरत भरभर चालतं. त्या दिवशी त्यांना एकच वाक्य येत होतं. "सुमनताई, अक्का दार उघडंनात... अक्का दार उघडंनात." सोलापूरच्या गाडीसाठी केमच्या फलाटावर मी तासभर उभी होते. खरं सांगायचं तर त्या तासात मला रडू आलं नाही, राग आला. दुकानात जाताना सुद्धा 'येते गं' म्हटल्याशिवाय उंबरा न ओलांडणारी बाई मला गावाला पिटाळून अशी न सांगता निघून गेली, याचा राग. दुःख नंतर आलं आणि ते अजून गेलेलं नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण इंदू. महापालिकेच्या नगररचना विभागात ती अनुरेखक होती. साहेबांनी आखलेला नकाशा निळसर पारदर्शक कापडावर शाईनं हुबेहूब उतरवायचा, हे तिचं काम. 'माझी बहीण शहराचे नकाशे काढते' असं मी कौतुकानं कुणाला सांगितलं की ती तिथल्या तिथं मोडता घालायची. "मी काढत न्हाय. काढणारे येगळे. मी त्यांच्या रेघेवरनं रेघ वढती." नकाशांच्या प्रती काढायला तेव्हा अमोनिया वापरत, त्याचा नाकात जाणारा वास तिच्या पदराला कायम असायचा. नवरा गेल्यावर, तीन वर्षांचा संसार एका ट्रंकेत भरून मी तिच्या दारात आले, तेव्हा तिनं मला जवळ घेतलं आणि मला ठसकाच लागला. "तुझ्या गळ्यात पडून रडायचीसुद्धा सोय नाही," मी म्हटलं. पुढं तिनं लग्न केलं नाही, मी पुन्हा केलं नाही. हद्दवाढीत शहरात आलेल्या वस्तीत तिचं दीड गुंठ्याचं घर होतं. त्याच्या उताऱ्यावर तिनं माझंही नाव लावून घेतलं आणि आम्ही दोघी एकमेकींवर खेकसत म्हाताऱ्या झालो.

रविवारी सकाळी आमच्या ओट्यापुढं चपलांचा ढीग असायचा. आसपासच्या वस्त्यांतली माणसं पिशवीत घडी घालून नोटिसा घेऊन यायची. नोटिशीतले शब्द माणसाला घाबरवण्यासाठीच केलेले असतात, असं माझं मत. अक्काचं तसं नव्हतं. "वळख न्हाय म्हणून भ्या वाटतं," म्हणायची आणि ओळख करून द्यायची. सामासिक अंतर, म्हणजे घराभोवती सोडायची मोकळी जागा, हे सांगताना ती म्हणायची, "पंगतीत दोन पानांच्या मदी जागा ठिवतो का न्हाय, वाढप्याला फिरायला? तेच की." भोगवटा प्रमाणपत्राला तिच्याकडं भाकरी होती. "थापली म्हंजे झाली का? भाजली का बघूनच ताटात वाढतो. तसं घर बांधलं तरी ऱ्हायला जायच्या आदी पालिका बघून जाती." एवढं करून ती थांबायची नाही. "आता तुमी मला सांगा," म्हणायची. आलेल्या माणसानं तो शब्द स्वतःच्या भाषेत परत सांगायचा, त्याशिवाय चहा नाही. आणि चहा मी करायचा, त्यामुळं कुणाला शब्द उमगेना की आत गॅसपुढं ताटकळायचं मी.

धोंडीबामामा मला विशेष आठवतात. सांगोल्याकडचे, मेंढरं विकून चिंचोळी एमआयडीसीत रखवालदारीला आलेले. त्यांनी घेतलेल्या एक गुंठा जागेवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलं होतं. सरकारनं जागा काढूनच घेतली, असं त्यांच्या मनानं घेतलेलं.

"मामा, एस्टीत चढायच्या आदी खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरत्यात का न्हाय?" अक्कानं विचारलं.

"व्हय."

"मग रुमाल टाकला म्हंजे शीट त्येच्या मालकीचं झालं का?"

"न्हाय की."

"पर तुमी तितं बसता का?"

मामांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. मग नियमाप्रमाणं त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं, "म्हंजी जागा माजी, रुमाल त्येंचा, आन् हुबा मीच." मी आत तोंडाला पदर लावून हसले. अक्का हसली नाही. "आता हरकत लिवायची," ती म्हणाली. "म्हंजे रुमाल उचला, असं लेखी सांगायचं. मुदतीच्या आत." आणि तिथंच बसून तिनं त्यांचा अर्ज लिहून दिला.

असे किती अर्ज तिनं लिहिले असतील. आमच्या घराचा तेवढा लिहिला नाही. विकास योजना म्हणजे पुढच्या काही वर्षांत शहर कुठं, कसं वाढणार त्याचा नकाशा. तो प्रसिद्ध झाला की लोकांनी ठरलेल्या मुदतीत हरकती आणि सूचना द्यायच्या. आमच्या भागाचा नकाशा लागला त्या संध्याकाळी अक्कानं घरी येऊन पाय धुतले, मेथीची जुडी पुढ्यात ओढली आणि पानं खुडता खुडता सांगितलं, आपल्यासमोरचा रस्ता रुंद होणार आहे, पुढची खोली त्यात जाणार. तुला कधी कळलं, मी विचारलं.

"मीच वढली की ती रेघ. चैतात."

म्हणजे चार महिने ती माझ्यासमोर बसून जेवत होती आणि बोलली नव्हती. मी म्हटलं, मग लिही हरकत. तिनं मान हलवली. "ज्या हातानं रेघ वढली त्या हातानं हरकत कशी लिवू? आन् आपल्याकडनं रेघ सरकली तर समोर व्यंकम्माच्या मागावर जाऊन पडती." व्यंकम्मावहिनींच्या पुढच्या पडवीत चादरी विणायचे दोन माग होते, त्यावर सगळं घर चालत होतं. मेथी संपली तशी ती म्हणाली, "तुजंबी नाव हाय उताऱ्यावर. तुला वाटत आसंल तर तू लिव. मी आडवणार न्हाय." आणि उठून तिनं एक कोरा फुलस्केप कागद टेबलावर ठेवला.

मला ते झोंबलं. साऱ्या वस्तीच्या हरकती हिनं लिहायच्या आणि घराची वेळ आली की मला पुढं करायचं! मी तिच्याशी कामापुरतं बोलायला लागले. तो कागद टेबलावर तसाच पडून होता. एके दिवशी मी तिच्या डोळ्यांदेखत त्यावर तुरीची डाळ निवडली. तिनं कागद झटकून परत टेबलावर ठेवला. अशी मुदत संपली. व्यंकम्मावहिनींचे माग वाचावेत म्हणून मी लिहिलं नाही, असं पुढं मी स्वतःला सांगत आले, पण ते खरं नाही. मी रुसले होते म्हणून लिहिलं नाही.

नकाशातला रस्ता काही लगेच आला नाही. वर्षं गेली. अक्का निवृत्त झाली आणि तिनं गवंडी बोलावला. पुढच्या आणि मागच्या खोलीमध्ये पातळ आडभिंत होती, ती पाडून तिनं चांगली जाड भिंत घातली. नळ ओट्याजवळ होता तो मागं नेला, विजेचं मीटर मागं नेलं, संडास मागं होताच. मागच्या खोलीच्या बाजूच्या भिंतीत एक दार पाडलं, ते बोळात उघडायचं. या दारावरून मी तिला किती बोलले असेन त्याला गणती नाही. समोर चांगलं दार असताना बोळात दार कशाला? मांजरं येतात, धूळ येते, चोराची सोय. "आसू दे की, वारं येतं," एवढंच तिचं उत्तर. माझा पलंग, देव, शिलाई मशीन सगळं तिनं आत लावून दिलं. पुढच्या खोलीत तिचा लोखंडी पलंग, उतरतं टेबल, शाईच्या दौती आणि भिंतीला टेकवलेली लांब लाकडी पट्टी. आल्यागेल्याला मजेनं सांगायची, "सुमन घरात झोपती, मी रस्त्यात."

एकदा भाजी परतता परतता मी तिला विचारलं होतं, "रस्ता आला म्हणजे तू कुठं झोपशील? आत तर एकच पलंग मावतो."

"तवर कोण हाय?" ती म्हणाली आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. मी तिला चांगली झापली. मग विसरून गेले.

तिच्या तेराव्यानंतरच्या रविवारी चौघं आले. फोटो बघून ओट्यावरच बसले, नोटीस पिशवीतून काढलीच नाही. धोंडीबामामा त्यांत होते. "आता कुणाला सांगायचं," एवढंच म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी एक बाई आली. आता कुणी येत नाही. मी सवयीनं मोठं पातेलं चढवते आणि मग उरलेला चहा मोरीत ओतते.

मलाही एक नोटीस आली होती. ती मी देवापाशी ठेवून दिली, उघडली नाही... वाचून सांगणार कोण? तर गेल्या आठवड्यात मोजणीवाले दोघं दारात उभे. पोक्त माणसं होती, चपला काढून आत आले. फीत धरली, नकाशा बघितला, आणि पुढच्या खोलीत जमिनीवर खडूनं रेघ ओढत गेले. ती रेघ अक्काच्या पलंगाच्या आतल्या बाजूनं गेली, टेबलाच्या आतल्या बाजूनं गेली आणि जाड भिंतीला बरोबर चिकटली. त्यांनी पुन्हा मोजलं. मग त्यातला मोठा माझ्याकडं वळला.

"बाई, ही भिंत कुणी घातली?"

"माझ्या बहिणीनं. का?"

"बरोबर रेघेवर हाय. पुढचं पाडलं तरी मागच्याला धक्का लागायचा न्हाय. लोकांची घरं निम्मी उघडी पडत्यात, नळ एकीकडं, दार एकीकडं... तुमचं सगळं आत हाय. दार बी बोळात काढलंय." तो भिंतीवर हात फिरवत म्हणाला, "पुढची खोली गेली तरी हे आक्कं घर ऱ्हातंय."

ते लाल खूण करून गेले. मी मागच्या खोलीत जाऊन माझ्या पलंगावर बसले आणि इतकी वर्षं ज्या घरात राहिले ते पहिल्यांदा नीट बघितलं. एक पलंग. हाताच्या अंतरावर दिव्याचं बटण. माझा हात पोचेल एवढ्याच उंचीवर फळी, आणि मी अक्कापेक्षा चांगली वीतभर ठेंगणी. स्वयंपाकाच्या ओट्यावर एकीपुरती जागा. बाजूला दार, ज्यातून वारं येतं. तिनं त्या कोऱ्या कागदाची महिनाभर वाट बघितली, मी डाळ निवडली, त्यावर ती रागावली नाही. मला दोष न देता तिनं भिंत बांधली. दोघींसाठी नाही, एकीसाठी. कोण उरणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं. आल्यागेल्याला तिनं पंगत दिली, भाकरी दिली, रुमाल दिला. मला काही समजावून सांगितलं नाही, नुसतं दार पाडून दिलं. आणि मी त्या दाराला ती असेपर्यंत नावं ठेवली.

लोक म्हणतात, घर वाचलं, नशीबवान आहात. असेन. पण मला हे एकीचं घर नको आहे, अक्का. मला मेथी निवडताना माझ्यावर खेकसणारं माणूस हवं आहे.

तिचा नियम होता, म्हणून त्या दुपारी रिकाम्या पलंगासमोर उभी राहून मी परत सांगून बघितलं. रस्त्याची रेघ म्हणजे काय? जिच्या पुढं तू आणि जिच्या मागं मी. बरोबर आहे का, ते सांगायला कुणी नव्हतं. मी चहा केला, एक कप, आणि तिच्या टेबलाशी बसून प्यायले. टेबलाच्या लाकडाला अजून अमोनियाचा वास येतो, की मला तसं वाटतं, कोण जाणे.

त्या दिवसापासून मी आत झोपत नाही. माझी गादी उचलून तिच्या पलंगावर घातली आहे. व्यंकम्मावहिनी रागावतात, पाडायला आले म्हणजे काय कराल, म्हणतात. येतील तेव्हा उठेन. बोळातलं दार आहेच, त्यातून आत जाईन, तिनं सांगितल्यासारखी. तोवर मी रस्त्यातच झोपणार आहे.