गोधडीखालचं पान

"ताई, आत्या गेली," एवढंच माझा धाकटा भाऊ दिनू फोनवर म्हणाला. मी सुकापूरच्या घरी कुकर लावत होते. त्या दिवशी भात करपला...

आता महिना झाला. पण जयाआत्या आठवली की रडण्याआधी हसूच येतं. पनवेलच्या आमच्या कोळीवाड्यात ती पत्त्यांतल्या लबाडीसाठी प्रसिद्ध होती. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की दुपारी तिच्या ओटीवर चिंचोक्यांवर रमी रंगायची आणि हरेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा. आत्या घडी घातलेल्या गोधडीवर बसायची, एखादं पान हळूच तिच्याखाली सरकवायची आणि पकडली गेली की स्वतःच खो-खो हसायची.

दिनू तिच्याच होडीवर जायचा. फोनवर रमी आली आणि तो ओटीवर येईनासा झाला. सुरुवातीला जिंकला, पेढेही वाटले. मग होडीच्या नव्या इंजिनासाठी आत्याने त्याच्याकडे ठेवलेले पैसे त्यात गेले. त्याने ते कबूल केलं तेव्हा वाटलं, आता आत्या घर डोक्यावर घेणार. ती मात्र त्याच्या शेजारी बसून फोनात डोकावली.

"तुझ्यासमोर कोन बसलाय?"

"माहीत नाय."

"मंग त्यानं लबाडी केली तर पकरशील कशी?"

दिनूने फोन पालथा ठेवला.

"खेलाची हौस हाय ना? रोज दुपारी माझ्यासमोर बस."

जुनंच इंजिन दुरुस्त करून होडी पाण्यात गेली. दिनूचा हात पुढे कितीतरी दिवस खिशातल्या फोनकडे जायचा. मध्ये एकदा तो घसरलाही, पण ते त्यानेच येऊन सांगितलं. आत्याने त्याला सगळ्यांचा चहा करायला लावला आणि पानं वाटायला घेतली. त्याने पकडावं म्हणून ती मुद्दाम ढोबळ लबाडी करते, हे मला फार उशिरा कळलं.

ती गेल्यावर मला एकच काळजी होती, आता याच्यासमोर कोण बसणार? परवा कोळीवाड्यात गेले तर दिनू आत्याच्या ओटीवर शेजाऱ्यांना घेऊन बसलेला. पानं मोजली तर एक कमी. त्याने कोपऱ्यात तशीच राहिलेली आत्याची गोधडी उचलली. खाली चौकटची सत्ती.

"पकरली गं आत्या!" तो हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

मी पान गड्डीत घालायला हात पुढे केला, तर त्याने ते पुन्हा गोधडीखाली सरकवलं.

"ऱ्हाऊ दे ताई. उद्या परत पकरीन."

एक पान कमी ठेवूनच आम्ही डाव मांडला. मी हरले आणि चहा केला.