दाजींची पावडर

दाजी घरं रंगवायचे. नात्याने ते फक्त मेहुण्याचे दाजी. पण तो कामावर दिवसभर "दाजी, दाजी" करायचा, म्हणून बाकीचे रंगारी आणि पुढे घरमालकसुद्धा त्यांना दाजीच म्हणू लागले. छत रंगवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण वजन एकशे बेचाळीसवर गेलं आणि शिडीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. सहा वर्षं त्यांनी खालूनच मान वर करून चुका काढल्या. शेवटी ऑपरेशन करून पोट लहान करून घेतलं, तेही केवळ शिडीसाठी.

तीन महिन्यांत पस्तीस किलो गेले आणि जाताना ताकदही घेऊन गेले. दुसऱ्या पायरीवरच डोळ्यांपुढे अंधारी. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी रिपोर्ट पाहून चष्मा काढला.

"रोज साठ ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं. तुमचं निम्मंही जात नाही. साखर नसलेली पावडर निवडा. महिन्याने रक्त तपासू. तोवर शिडी बंद."

पहिला डबा मेहुण्याने आणला. वर उघडाबंब पहिलवान. दाजींच्या बायकोने मागची बारीक अक्षरं वाचली.

"अरे, ही तर वजन वाढवायची आहे."

"ताई, दुकानदार म्हणाला, हीच सगळ्यात जास्त खपते."

"खपू दे. ह्यांनी पोट काय हौस म्हणून कापून घेतलंय?"

दुसरी चॉकलेटची. ऑपरेशनपासून गोडाच्या नुसत्या वासानेही दाजींना मळमळायचं. तिसरी व्हॅनिलाची, एक घोट घेऊन ते म्हणाले, "पुट्टीत अत्तर ओतलंय कोणीतरी." महिन्यातले नऊ दिवस असेच गेले.

दहाव्या दिवशी दाजींमधला रंगारी जागा झाला. तयार रंगाचे डबे घ्यायचेच कशाला? पांढरा बेस आणावा, रंग आपण मिसळावा. ते स्वतः दुकानात गेले आणि बिनसाखरेची, बिनचवीची पावडर घेऊन आले. मोठ्या झोकात ती बाटलीत घातली आणि ऑइलपेंटचा डबा हलवावा तशी दणादण हलवली. बाटलीभर फेस झाला. तो प्यायले आणि तासभर पोट धरून बसले. एवढ्याशा पोटात सगळी हवाच भरली.

"ही पण टाकून द्या," ते कण्हत म्हणाले.

बायको शांतपणे म्हणाली, "अहो, वार्निश असंच हलवता का?"

"वेडी का काय? वार्निश हलवलं की बुडबुडे धरतं. ते काठीने हळू..." दाजी मध्येच थांबले. मेहुणा हसत हसत भिंतीला टेकला.

"तीस वर्षं धंदा करताय दाजी."

"तू गप्प बस, पहिलवान."

मग सगळं रीतसर झालं. पावडरीत आधी चमचाभर पाणी घालून गुठळ्या मोडायच्या, मग पातळ करायची, फेस बसू द्यायचा आणि कोमट टोमॅटो सूपमध्ये सावकाश ढवळायची. चव सूपची, काम पावडरीचं. चमच्या-चमच्याने ते पोटात टिकलं. पुढचे एकवीस दिवस दाजींनी एकही वेळ चुकवली नाही.

रिपोर्ट पाहून बाईंनी या वेळी चष्मा नाकावरच ठेवला. "छान. कोणती घेतलीत?"

"पांढरा बेस," दाजी म्हणाले. बाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी शिडीची परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दाजी एका दिवाणखान्याच्या छताला भिडले. अकरा वाजले तरी खाली यायचं नाव नाही. मेहुणा खालून ओरडला, "दाजी, उतरा. सूपची वेळ झाली."

"वर दे," दाजी म्हणाले, आणि ब्रश डाव्या हातात घेऊन त्यांनी उजवा हात खाली केला.