मॅडम, तोंड दाखवा

सोलापुरात कुणी 'उमेदवार' आहे म्हटलं की लोक आधी पक्ष विचारतात. मी मात्र शेहेचाळिसाव्या वर्षी आमच्या टॉवेलच्या कारखान्यात टीम लीडरची उमेदवारी करत होतो. म्हणजे मागावरचं काम सांभाळून वर्षभर माणसं सांभाळायला शिकायचं आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा द्यायची. पास झालो तर अख्ख्या हॉलचा लीडर. नापास झालो तर ती जागा बाहेरून भरणार, असं साहेबांनी हसत हसत सांगितलं होतं. साहेब म्हणजे आमचे प्रशिक्षण अधिकारी. वयाने माझ्या पुतण्याएवढे.

आता बोलायला मी कधी घाबरलेलो नाही. गल्लीतल्या गणपतीच्या नाटकात राक्षस मीच असतो, आणि माईक बंद पडला तरी माझा आवाज सात रस्ता चौकापर्यंत जातो, असं माझे शत्रूही मान्य करतात. माझी भीती वेगळी होती आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. मला ऐकू येत नव्हतं.

मागांच्या हॉलमध्ये उमर काढलेल्या माणसाला कान असतात ते चष्मा अडकवायला. तिथला खडखडाट असा, की शेजारी सुतळी बाँब फुटला तर माणूस फक्त धूर बघेल. म्हणून आम्ही सगळे ओठ वाचतो आणि हातांनी बोलतो. घरी कुणाची तेलुगू, कुणाची कन्नड, कुणाची दखनी. हॉलमध्ये मात्र भाषा एकच. अंगठा उलटा केला की कांडीवरचं सूत संपलं. मिशीला पीळ दिला की मालक आले. मालकांना मिशी नाही. ती त्यांच्या वडिलांना होती. कारखान्याबरोबर खूणही वारसाहक्काने आली.

कंपनीने कानात घालायला दोरीचे नारिंगी बोळे दिले होते. मी माझे गाडीच्या किल्लीला बांधले. शोभून दिसायचे.

आमचे आधीचे जॉबर, म्हणजे जुन्या भाषेतले टीम लीडरच, असेच कानाने गेले. एक दिवस साहेबांच्या हाकेला त्यांनी ओ दिली नाही, पुन्हा एकदा दिली नाही, आणि लवकरच ते गेटवर वॉचमन झाले. तिथे काय ऐकायचंय? ट्रक दिसतोच की. येता-जाता त्यांना नमस्कार करताना मला त्यांच्या शेजारी आणखी एक खुर्ची दिसायची.

तर मी शिकवणीत दिलेल्या नऊ प्रश्नांची उत्तरं पाठ केली. रविवारी बायको परातीसमोर बसून परीक्षक झाली.

"टीममधी भांडण झालं तर तुमी काय कराल?"

मी दोन्ही हात पसरून उत्तर दिलं.

"हात कशाला नाचवताय? परीक्षा हाय का तमाशा? आन माझ्या तोंडाकडं काय बघताय एवढं, डोळ्यात बघा की!"

ती तव्याकडे वळली. मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसलो. भाकरी उलटून ती परत फिरली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"मी काय विचारलं?"

"कधी?"

"आत्ता. दोनदा."

"विचार करत होतो."

"तोंड केलं की पोपट आन पाठ केली की दगड," ती म्हणाली. "साहेबास्नी सांगून टाका की सरळ."

"सांगतो, आन गेटवर खुर्ची टाकून बसतो."

तिने थोडा वेळ पीठ मळलं. मग हळूच विचारलं, अगदी माझ्याकडे तोंड करून, "ती परीक्षेची मॅडम समोर बसणार हाय ना?"

"समोरच. पुण्याहून येणार."

परीक्षेच्या आदल्या दिवशी साहेबांनी सांगितलं, मॅडम येणार नाहीत, व्हिडिओ कॉलवर परीक्षा घेतील. मी म्हटलं, "मग मोठा टीव्ही लावा की, साहेब."

"कशाला?"

"मॅडमचा मान."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या शर्टात ऑफिसच्या खोलीत बसलो. एसी, बंद दार. इतकी शांतता, की मला माझ्याच कानातली शीळ ऐकू येत होती. पडद्यावर मॅडम आल्या. त्यांनी गडद लिपस्टिक लावली होती. मी मनातल्या मनात त्यांना शंभर वर्षं आयुष्य दिलं.

आणि तेवढ्यात मॅडम थिजल्या. मग गेल्याच. चेहऱ्याच्या जागी एक गोल आणि गोलात एक अक्षर. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "नेट हळू आहे, त्यांनी कॅमेरा बंद केलाय. तुम्ही बोला."

गोलातून गुणगुण आली. थांबली. साहेबांनी भुवया उंचावल्या. म्हणजे प्रश्न झाला असणार, आणि पहिला प्रश्न भांडणाचाच असतो, असं शिकवणीत सांगितलेलं. मी उभा राहिलो आणि भांडण मिटवण्यावरचं संपूर्ण उत्तर हॉलमधल्या आवाजात दिलं. मधे एक पॉजही घेतला. शेवटी हात जोडले.

साहेबांनी कपाळ धरलं. कॅमेरा चालू झाला आणि मॅडमचे ओठ हलले.

"मी फक्त विचारलं होतं, आवाज येतोय का."

खापर नेटवर फोडता आलं असतं. पण मग गोल परत आला असता, आणि माझ्याजवळ आठ उत्तरं अजून शिल्लक होती.

"मॅडम, तोंड दाखवा," मी म्हणालो. साहेबांना ठसका लागला. "म्हणजे, कॅमेरा चालूच ठेवा. मला ऐकू कमी येतं. मी ओठ वाचतो. आमचा सगळा हॉल वाचतो."

साहेबांकडे मी बघितलं नाही. मॅडमनी मात्र खुर्ची पुढे ओढली.

"मग टीमला सूचना कशा देता?"

हे नऊमध्ये नव्हतं. मी खुणा करून दाखवल्या, मिशीसकट.

"नवीन माणूस आला तर?"

"पहिले काही दिवस माझ्या समोरच्या मागावर. मला तो दिसला पाहिजे आन त्याला मी."

"कानात घालायचं काही दिलेलं नाही?"

माझा हात खिशात गेला. किल्ली काढून मी टेबलावर ठेवली. नारिंगी बोळे लोंबत होते. "हे बघा. किल्ली हरवत नाही, मॅडम."

मॅडम हसल्या नाहीत. खाली मान घालून त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं.

त्यानंतर साहेब मला टाळू लागले. मी गेटवरच्या सावलीचा अंदाज घेऊ लागलो. दुपारी तिथे बरं ऊन लागतं. मग एका सकाळी काचेच्या केबिनमध्ये साहेबांनी फोन उचलला. मी मागावरून बघत होतो. "हो मॅडम," ते म्हणत होते. "पास? बरं. जागा त्यांनाच... हो, पण..."

आणि त्यांनी पाठ फिरवली.

शेजारच्या मागावरच्या अण्णाने ओठांनी विचारलं, "पण काय?" मी खांदे उडवले. बघतो तर अख्ख्या हॉलच्या माना काचेकडे. दोघांच्या कांड्या संपल्या होत्या, कुणाला पत्ता नाही.

साहेब बाहेर आले ते गंभीर चेहरा करून. मी छातीवर हात ठेवून अडाण्यासारखा बघत राहिलो.

"नाटक नको," ते म्हणाले. "काचेतून वाचलंत ना?"

"अर्धंच, साहेब. तुमी पाठ केली."

मग ते माझ्यासमोर सरळ उभे राहिले आणि पहिल्यांदाच सावकाश, मोठं तोंड करून बोलले. पास. जागा माझीच. पण आधी हॉलमधल्या प्रत्येकाच्या कानांची तपासणी, बोळे सक्तीचे, आणि हे सगळं करून घ्यायचं नव्या टीम लीडरने. पहिला नंबर त्याचाच.

तपासणी सोमवारी आहे. बायको रोज माझ्याकडे पाठ करून काहीबाही विचारते आणि मी रोज नापास होतो, त्यामुळे जेवण धड जात नाही. पण हॉलमध्ये शिरलो की अण्णा दोन्ही बोटं कानात घालतो आणि क्षणात सगळीकडे नारिंगी बोळे कानांत जातात. लीडर आला, अशी ती खूण. हॉलच्या खुणांत मालकांच्या मिशीशेजारी माझे कान लागले.